खालचं गेलंय

चुलतबहिणीच्या लग्नासाठी मे महिन्यात गावी गेले होते. मराठवाड्यात मे महिन्यातलं लग्न म्हटलं की मानपानाच्या आधी पाण्याचं बोलणं निघतं. गावात आता घरोघरी नळ आहेत, भिंतींवरून निळे पाइप गेलेले दिसतात, पण योजनेच्या विहिरीनं तळ गाठला की तोटीतून नुसती हवा येते. मग सगळी भिस्त मारुतीच्या देवळामागच्या हापशावर. भर उन्हाळ्यातही तो आटत नाही असा त्याचा लौकिक, आणि नेमका तोच बिघडला होता. तालुक्याहून मोटारसायकलवर दोन माणसं आली, सोबत पान्यांची पिशवी आणि वंगणाचा डबा. हापशाभोवती रिकाम्या हंड्यांची रांग, आणि रांगेत आमच्या थोरल्या काकू. त्या पुढं होऊन मिस्त्रींना म्हणाल्या, "भाऊ, वरचं काही गेलेलं न्हाई. दांड्याला वजन हाय तसंच हाय. पर सकाळच्याला पहिलं पाणी यायला लई येळ लागतो. एकदा आलं की धार चांगली पडती. हंडा बदलूस्तोवर पुन्हा खाली जातं. खालचं गेलंय." मिस्त्री म्हणाले, "मावशी, बघू द्या आम्हाला." त्यांनी वरचं झाकण काढलं, साखळीला वंगण लावलं, बोल्ट आवळले, दांडा मारून पाहिला, आणि खालचं काम निघालंय, माणसं आणि सामान घेऊन यावं लागेल, असं सांगून निघून गेले.

लग्न टँकरवर पार पडलं. पथक पुन्हा येईपर्यंत बायका मळ्यातल्या विहिरीवरून पाणी आणत राहिल्या. जाताना उतार आणि रिकामे हंडे, येताना चढ आणि भरलेले. दुसऱ्या खेपेला पाइप वर ओढायची तिपाई आली, चार-पाच गडी आले. दहा फुटी पाइप एकामागून एक वर यायला लागले. एक पाइप वर काढायचा, खालचा पकडीत धरून ठेवायचा, आतली सळई सोडवायची, पाइप बाजूला मांडायचा, की पुढचा. असे बारा पाइप. लोखंडाचं सगळं मिळून सव्वाशे किलोच्या वर वजन, आणि मधे कुणाचा हात सुटला तर उरलेलं सगळं बोअरच्या तळाशी. अगदी शेवटी दट्ट्या आणि झडपा असलेलं सिलिंडर वर आलं. ते उघडलं, तर खालच्या झडपेचं रबर चिरलेलं. तळहातावर मावेल एवढी चकती. नवी बसवली, सगळे पाइप होते तसे परत उतरवले, पाणी आलं. बायकांनी मिस्त्रींना चहा दिला. काकूंनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं तेच निघालं, हे कुणाच्याही तोंडून आलं नाही. काकूंच्याही नाही.

मला मात्र ते टोचत राहिलं.

हापसा हे यंत्र आहे, कुणीतरी विचार करून, कागदावर आखून, मोडून पुन्हा जोडून तयार केलेलं, हे लहानपणी कधी मनातच आलं नाही. वड असतो, पार असतो, तसा हापसा असतो, एवढंच. जिल्हा परिषदेच्या आमच्या शाळेत होता. मधल्या सुट्टीत एकानं दांड्याला लोंबकळायचं, पाय जमिनीवरून उचलून सगळ्या अंगाचा भार टाकायचा, आणि दुसऱ्यानं तोटीखाली ओंजळ धरायची. पहिलं पाणी कोमट आणि लोखंडाच्या चवीचं, मग हळूहळू गार, मग इतकं गार की दात शिवशिवायचे. उन्हाळ्यात दांडा तापलेला असायचा, फ्रॉकचं टोक गुंडाळून धरावा लागायचा. तळहाताला येणारा गंजाचा वास दुपारभर वहीच्या पानांना लागायचा. रात्री गाव शांत झालं की कुणीतरी उशिरा पाणी भरत असल्याचा ठण् ठण् आवाज अंथरुणावर ऐकू यायचा, आणि कितव्या ठोक्याला पाणी येईल हे मी मनात मोजत असे. माझ्या आजीनं उभं आयुष्य आडावरून पाणी शेंदलं होतं. दोरानं पडलेले घट्टे तिच्या हातावर शेवटपर्यंत होते. हापसा आला तेव्हा तिला काय वाटलं असेल ते मला कधी विचारता आलं नाही, पण दांडा मारताना ती हसतमुख असायची, एवढं आठवतं.

मोठेपणी कामानिमित्त पाण्याविषयी वाचायला लागले तेव्हा कळलं की जगात ज्या हातपंपाचा सर्वांत जास्त प्रसार झाला, त्या 'इंडिया मार्क टू'ची मुळं आमच्याच मुलखात आहेत. जालना म्हटलं की लोकांना मोसंबी, बियाणं आणि सळया आठवतात. पंप कुणाला आठवत नाही. 1960 च्या दशकात दुष्काळ हटवण्यासाठी बोअर घेण्याचं काम मोठ्या प्रमाणावर सुरू झालं. कातळ फोडणारी नवी यंत्रं आली, पूर्वी विहीर खणायला जिथं महिने लागायचे तिथं बोअर लवकर होऊ लागला. पण त्यावर बसवलेले पंप बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे होते. युरोप-अमेरिकेतल्या शेतघरांसाठी केलेल्या पंपांच्या त्या नकला. तिथं एक कुटुंब दिवसातून पाच-दहा वेळा दांडा हलवणार. इथं पहाटेच्या अंधारापासून रात्रीपर्यंत अख्खं गाव त्याच दांड्यावर. खिळी झिजायच्या, बीड तडकायचं, आणि काही आठवड्यांत पंप बंद. 1974 च्या सुमारास युनिसेफनं पाहणी केली तेव्हा चारांतले तीन पंप बंद असल्याचं दिसलं. म्हणजे बोअरवर पैसे गेले, कातळ फुटला, पाणी लागलं, आणि ते पाणी दीडशे फुटांच्या आत गावाच्या पायाखाली तसंच राहिलं. बाई परत जुन्या डबक्यावर.

जालना आणि सोलापूर इथं मिशनऱ्यांच्या पाणीकामाशी जोडलेल्या वर्कशॉपांमध्ये यावर उत्तर सापडलं. तिथल्या लोकांना पंप विकायचा नव्हता. त्यांना तो पुन्हापुन्हा दुरुस्त करायला जावं लागत होतं, आणि मला वाटतं सगळा फरक तिथंच पडला. त्यांनी बीड सोडलं आणि पोलादाचे पत्रे-पाइप वेल्डिंगनं जोडून पंप केला. तीन-चार खिळींच्या जागी दांड्याला एकच आस ठेवला, आणि दांड्याच्या आतल्या टोकाला वर्तुळाचा तुकडा असावा तसा वक्र भाग देऊन त्यावरून साखळी सोडली. दांडा खाली दाबला की साखळी वर ओढली जाते आणि तिला लटकलेली सळई, रहाटावरचा दोर जसा सरळ खाली उतरतो, तशी सरळ रेषेत वर येते. तिरका ताण बसत नाही, म्हणून झीज कमी. परतताना सळई स्वतःच्या वजनानं खाली जाते. जालना पंप, मग त्यात सुधारणा होत होत सोलापूर पंप. पुढं युनिसेफ, केंद्र सरकार, मद्रासची सरकारी संशोधन संस्था 'मेराडो' आणि तिथलाच 'रिचर्डसन अँड क्रुडास' हा सरकारी कारखाना यांनी मिळून सोलापूर पंपावर काम केलं, कोइमतूरच्या परिसरात जिथं पाणी फार खोल आहे तिथं तो मुद्दाम बसवून पाहिला, आणि 1977-78 पासून मार्क टू मोठ्या संख्येनं बाहेर पडायला लागला. पंपाचा पाया बोअरच्या केसिंगवर, म्हणजे बोअरमध्ये बसवलेल्या बाहेरच्या पाइपवर, न टेकवता त्याच्याभोवती सिमेंटच्या ओट्यात पक्का केला, म्हणजे धक्के केसिंगला बसत नाहीत आणि ओट्यावरचं सांडपाणी आत झिरपत नाही. दांडा भरीव आणि जड, म्हणजे खाली लटकलेल्या सळयांचं वजन तोलून धरायला मदत होते. एवढ्याशा वस्तूत किती ठिकाणी कुणीतरी थांबून विचार केलेला आहे, हे कळल्यावर मी देवळामागच्या हापशाभोवती नव्यानं फिरून आले होते.

आणि यातली मला सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट: त्याचं पेटंट कुणी घेतलं नाही. किंमत 200 डॉलरांच्या आत राहावी, साध्या वर्कशॉपमध्ये तो बनवता यावा आणि देखभालीशिवाय वर्षभर चालावा, अशा अटी घालून तो केला होता. नकाशे खुले ठेवले, 1979 साली त्याचं भारतीय मानक आलं, 9301 क्रमांकाचं, आणि त्या मापात ज्याला बनवता येईल त्यानं बनवावा अशी मोकळीक राहिली. मापं मात्र सैल सोडली नाहीत. कारखान्यातून निघण्याआधी पंप तपासले जात. त्यामुळं एका कारखान्याचा भाग दुसऱ्याच्या पंपाला बसतो. 1990 च्या दशकाच्या मध्यापर्यंत जगभरात असे सुमारे 50 लाख पंप बसले, आफ्रिकेतल्या कितीतरी देशांत. जालना-सोलापूरच्या लोखंडी मातीत घडलेली एक कल्पना युगांडाच्या, मालीच्या गावात बाई दांड्याला हात घालते तेव्हा तिच्या मदतीला येते. याचा मला अभिमान वाटतो, आणि तो लपवावासा वाटत नाही.

तरी टोचणी राहतेच.

पंप टिकाऊ केला, पण तो कधीतरी बिघडणारच. त्यासाठी तमिळनाडूपासून सुरू झालेली तीन पायऱ्यांची रचना होती. गावात एक राखणदार, दर 100 पंपांमागं तालुक्याचा एक मेकॅनिक, आणि दर 500 पंपांमागं जिल्ह्याची एक फिरती गाडी, जिच्याकडं तिपाई, माणसं आणि जड सामान. कागदावर हे सुबक दिसतं. पण मार्क टूमध्ये जे सर्वांत जास्त झिजतं, म्हणजे सिलिंडरमधले वायसर आणि झडपांची रबरं, ते सर्वांत खाली आहे, आणि सिलिंडर पाइपपेक्षा रुंद असल्यामुळं त्याला हात लावायचा तर आधी अख्खा पाइप वर काढावा लागतो. म्हणजे काही रुपयांच्या रबरासाठी जिल्ह्याची गाडी. वरच्या दांड्याची इतकी काळजी घेणाऱ्या रचनेनं खालचं काम गावाच्या हाताबाहेर ठेवलं. हे करणाऱ्यांना कळत नव्हतं असं नाही. 1980 च्या दशकात मार्क थ्री आला, त्यात पाइप अडीच इंची केला, म्हणजे दट्ट्या आणि खालची झडप दोन्ही पाइपमधूनच वर ओढून काढता येतात, पाइप जागचा हलवावा लागत नाही. पण मोठा पाइप महाग आणि जड, जास्त खोलीला गैरसोयीचा, त्यामुळं तो मार्क टूएवढा पसरला नाही. खरेदीच्या दिवशी जो स्वस्त पडतो तोच पंप घेतला जातो. पुढच्या वीस वर्षांत चढावरून किती हंडे वाहिले गेले, हे कुठल्याच निविदेत मांडलं जात नाही.

त्याच दशकात मलावी आणि केनियात 'अ‍ॅफ्रिदेव्ह' हा पंप घडत होता. त्याची सुरुवातच दुरुस्तीपासून झाली. प्लास्टिकचा पाइप, आकड्यांनी एकमेकांत अडकणाऱ्या सळया, आणि एका पान्यावर उघडणारा सगळा पंप. केनियाच्या किनाऱ्यालगत क्वाले भागात त्याच्या चाचण्या झाल्या तेव्हा गावातल्या बायकांनाच तो उघडायला-जोडायला शिकवलं गेलं, आणि त्यांना काय जमतं, काय अडतं ते पाहून पंप बदलत गेला. आपल्याकडं उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात 1990 च्या दशकात महिला समाख्या या बायकांच्या शिक्षणासाठीच्या सरकारी कार्यक्रमातून दलित आणि आदिवासी बायका हातपंपाच्या मिस्त्री झाल्या. जड पाइप त्यांनीच उचलले, तेही मार्क टूचेच. म्हणजे बाईच्या अंगात तेवढं बळ नाही, हे कारण कधीच खरं नव्हतं. तिला विचारायचं कुणाच्या मनात आलं की नाही, प्रश्न एवढाच होता.

इथं मला एक गोष्ट फार खोलवर जाणवते. पंपाच्या जुन्या कागदांमध्ये बायका-मुलांना तो सहज चालवता यावा ही अट असते. म्हणजे बाईचा हात हिशेबात होता. किती किलोचा जोर ती देऊ शकेल, तिच्या खांद्यापर्यंत दांडा किती उंच असावा, याचा विचार झाला होता. पण तो हात रोज पहाटे, वर्षानुवर्षं, त्याच दांड्यावर पडतो, आणि त्या हाताला खाली दीडशे फुटांवर काय चाललंय ते समजत असतं, हे हिशेबात धरलं गेलं नाही. हात म्हणजे ताकद, एवढंच. त्यातलं ज्ञान कुठंच नोंदलं नाही.

2013 च्या सुमारास ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी केनियात एक प्रयोग केला. दांड्याच्या आत एक छोटं यंत्र बसवलं. दांडा किती वेळा, कसा हलतो ते मोजून यंत्र मोबाइलच्या जाळ्यातून कळवणार. दांडा हलायचा थांबला की पंप बिघडला हे लगेच समजतं, मेकॅनिक निघतो. क्युसो भागात दुरुस्तीला सरासरी 27 दिवस लागत होते ते तीनच्या आत आले. पुढं दांड्याच्या बारीक थरथरीवरून बिघाड आधीच ओळखता येतो का, भूजल किती खोल गेलं ते कळतं का, यावरही काम झालं. हे वाचून मला मनापासून आनंद झाला. 27 दिवस डबक्याचं पाणी पिणं आणि तीन दिवस पिणं यातला फरक एखाद्या लेकराच्या जिवाएवढा असू शकतो. आणि त्याच वेळी काकूंचा चेहरा डोळ्यांसमोर आला. दांड्याच्या थरथरीतून खालचं ओळखणं हेच तर त्या करत होत्या. यंत्रानं पाठवलेला संदेश मेकॅनिकला हलवतो, तोच काकूंनी समोर उभं राहून सांगितला तर "बघू द्या आम्हाला." यंत्र नको असं मी म्हणणार नाही. त्या यंत्राला जेवढं ऐकलं जातं, तेवढं काकूंना ऐकलं जावं, एवढंच माझं मागणं आहे.

न ऐकण्याची किंमत किती मोठी होऊ शकते याचं एक उदाहरण दक्षिण आफ्रिकेतून निघालं. 'प्लेपंप'. मुलांनी खेळायचं फिरतं चक्र, ते फिरलं की पाणी वर चढून सात मीटर उंच टाकीत जाणार, टाकीवरच्या जाहिरातींतून देखभालीचा खर्च निघणार. खेळणाऱ्या मुलांची छायाचित्रं सुंदर होती. 2006 साली अमेरिकेत एका मोठ्या कार्यक्रमात त्याच्यासाठी 1 कोटी 64 लाख डॉलरांची घोषणा झाली, 2010 पर्यंत असे 4,000 पंप बसवायचं ठरलं. एकाची किंमत साध्या हातपंपाच्या सुमारे चौपट. काही ठिकाणी तर चालू हातपंप काढून त्याजागी हा बसवला. मुलं काही वेळ खेळतात आणि मग घरी, शाळेत जातात. पाणी मात्र दिवसभर लागतं. मोझांबिकमधल्या गावांत मग म्हाताऱ्या बायका वाकून ते चक्र हातानं फिरवताना दिसू लागल्या. ठरवलेल्या लोकसंख्येला पुरेल एवढं पाणी काढायचं तर मुलांना दिवसाचे 27 तास खेळावं लागेल, असा हिशेब एका ब्रिटिश वर्तमानपत्रानं 2009 साली मांडला. त्या चक्राशी वाकलेल्या बायकांचा विचार करताना मला राग येतो. त्यांच्यापैकी कुणालाही बसवण्याआधी विचारलं असतं, तर एका वाक्यात उत्तर मिळालं असतं.

हापशाविषयी लिहिताना केवळ कौतुक मला जमत नाही, आणि त्याला आणखीही कारणं आहेत. बांगलादेशात उथळ नळविहिरी आणि हातपंप लाखोंच्या संख्येनं बसले, ते डबक्यातल्या पाण्यानं मुलं हगवणीला बळी पडत होती म्हणून. हेतू चांगला, काम प्रचंड. आणि 1990 च्या दशकात कळलं की त्या पाण्यात आर्सेनिक आहे. मग विषारी पंपांच्या तोट्या लाल रंगवल्या, चांगल्या पंपांच्या हिरव्या. लाल तोटीच्या घरची बाई हंडा घेऊन पुन्हा दूर चालायला लागली. आपल्याकडं यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यातलं फ्लोराइड मुलांच्या दातांवर आणि म्हाताऱ्यांच्या वाकलेल्या हाडांवर दिसतं. पश्चिम आफ्रिकेत पाणी गंज आणणारं होतं, तिथं मार्क टूचे लोखंडी पाइप गंजले, पाणी लाल आणि तुरट यायला लागलं. बायका म्हणाल्या, यात भात शिजवला की रंग बदलतो, कपडे डागाळतात, आम्ही हे पिणार नाही. पुष्कळ ठिकाणी त्याला अडाणीपणा समजलं गेलं. वास्तविक पाइप कुजतोय हे त्या सांगत होत्या.

आणि जात. आडाच्या कठड्यावर कुणी चढायचं आणि खाली ओंजळ करून कुणी ताटकळायचं हे माझ्या आजीच्या काळात ठरलेलं होतं. महाडला 1927 साली तळ्याच्या पाण्यासाठी माणसांनी मार खाल्ला, त्याला तोवर कितीतरी वर्षं उलटली होती, तरी ठरलेलं होतं. हापशाला कठडा नाही, चढायची पायरी नाही, दांडा सगळ्यांच्या उंचीचा. मला वाटायचं, या लोखंडानं ते संपवलं. पण दुसऱ्या वस्तीतली बाई पाणी भरून गेली की दांड्यावर चूळभर पाणी ओतून मग हात लावणाऱ्या बायका मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्या आहेत. पुढं वस्तीत वेगळा हापसा दिला गेला. तिथल्या बायकांची पायपीट वाचली, ताटकळणं संपलं, हे मोठं सुख होतं आणि ते मी कमी लेखणार नाही. पण देवळामागच्या हापशावर एकत्र उभं राहायचं कारणही त्याबरोबर गेलं.

पथक पाइप उतरवून गेलं त्या संध्याकाळी मी काकूंकडं गेले. त्या भाकरी थापत होत्या. तुम्हाला कसं कळलं, असं विचारल्यावर त्यांना त्यात विचारण्यासारखं काय आहे तेच कळेना. मग हात परातीत चालू ठेवून सांगत गेल्या. दांडा एकदम हलका झाला, काही लागतच नाही असं वाटलं, तर सळई तुटली किंवा सुटली. दांड्याला वजन आहे, पाणी लगेच येतं, पण धार दिवसेंदिवस बारीक होत चालली, तर दट्ट्याचे वायसर झिजले. पहिलं पाणी यायला वेळ लागतो, नंतर धार भरून येते, तर खालची झडप धरत नाही, रात्रीतून पाइप रिकामा होतो. दांडा आडवा डुगडुगतो आणि वर करकर वाजतं, तर बेअरिंग. थोडं पाणी येतं, मग हवा, तासाभरानं पुन्हा थोडं, तर यंत्राला काही झालेलं नाही, बोअर आटतोय, तिथं मिस्त्री काय करणार. पाणी लाल येतं, तर पाइप गंजला, आता कुठूनतरी गळणार. मी हे हातपंप दुरुस्तीच्या पुस्तिकेशी ताडून पाहिलं. बिघाडाच्या तक्त्यात हेच आहे, काकूंच्या बोलण्यात ते जास्त नेमकं आहे, कारण कुठल्या हापशाचं पाणी कुठल्या महिन्यात किती ठोक्यांना येतं हेही त्यांना पाठ आहे.

मिस्त्रींशीही मी फोनवर बोलले. माणूस सरळ आहे, कामाचा आहे. त्यांच्याकडं पंप खूप आणि हाताखालची माणसं थोडी. तिपाई आणि गाडी एकच, ती चार ठिकाणी हवी असते. तक्रार येते ती "हातपंप नादुरुस्त" एवढ्या दोन शब्दांत, मग पहिली खेप नुसती पाहायला जाते. वरचं काम असेल तर दोघं पुरतात, खालचं असेल तर तिपाई आणि गडी लागतात, आणि ते आधी कळलं तर एक खेप वाचते, हे त्यांनीच सांगितलं. ग्रामपंचायतीतली तक्रारवही मी पाहिली. तारीख, ठिकाण, नादुरुस्त, सही. बिघडला म्हणजे काय होतंय, यासाठी रकानाच नाही. अ‍ॅप, यंत्र, संशोधन हे सगळं जेव्हा यायचं तेव्हा येईल. वहीत चार रकाने वाढवायला पट्टी आणि पेन पुरतं. दांडा कसा लागतो, पहिलं पाणी किती ठोक्यांना, धार कशी, रंग कसा. काकूंनी सांगितलं तसं मी ते एका कागदावर उतरवलं, त्यांना वाचून दाखवलं, त्यांनी दोन जागी दुरुस्त केलं.

हा कागद 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत ठेवायचा आहे. सभेत बायका येतात, मागच्या बाजूला बसतात आणि सह्या करून जातात. मी काकूंना म्हटलं, या वेळी तुम्हीच बोला. त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि हो म्हणाल्या. वस्तीतल्या दोघींना सोबत घेऊ असंही त्यांनीच सुचवलं. तिकडच्या हापशाचं पाणी लाल यायला लागलंय, आणि वहीत त्याची नोंद अजून झालेली नाही.